पुश्काश : ८४ गोलांचा कप्तान आणि बंद झालेली सरहद्द

मोहम्मद सलाहने डिसेंबर २०१७ मध्ये एव्हर्टनविरुद्ध दोन-तीन जणांना चकवून चेंडू डाव्या पायाने वळवत जाळ्यात घातला. त्या गोलसाठी २०१८ साली फिफाने त्याला वर्षातल्या सर्वात सुंदर गोलचा पुरस्कार दिला. त्याआधी २०१६ चा हाच पुरस्कार मलेशियाच्या मोहम्मद फैझ सुब्रीला मिळाला होता. त्याच्या फ्री किकने हवेत अशी काही दिशा बदलली की गोलकीपर बघतच राहिला. दोन्ही वेळी आपल्या मुलांनी मोबाइलवर ते गोल शंभर-शंभर वेळा पाहिले. पण पुरस्काराचं नाव ‘पुश्काश’ का, असं वर्गात विचारलं तर मुलं एकमेकांकडे बघतात. एकाला वाटलं, ते बूट बनवणाऱ्या कंपनीचं नाव असावं.

फेरेंत्स पुश्काश हा हंगेरीचा माणूस. इंग्रजी वाचून आपण ‘पुस्कास’ म्हणतो, पण त्याच्या वतनात ‘पुश्काश’ असाच उच्चार आहे. देशासाठी ८५ सामने, ८४ गोल. फुटबॉलमध्ये दर सामन्याला एक गोल म्हणजे काय, हे ज्याने मैदानावर घाम गाळलाय त्यालाच कळेल. हे ८४ गोल त्याने वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत केले. पुढे तो दहा वर्षं खेळला, युरोपातल्या सर्वात मोठ्या क्लबसाठी गोलांचे ढीग लावले, पण हंगेरीच्या खात्यात एकही गोल वाढला नाही. पाय थकला नव्हता, मध्ये सरहद्द आली होती.

त्याचा जन्म एप्रिल १९२७ मध्ये बुडापेस्टला झाला. घराणं मूळचं जर्मन वंशाचं, आडनाव पुर्त्सेल्ड. १९३७ साली वडिलांनी ते बदलून ‘पुश्काश’ हे अस्सल हंगेरियन नाव घेतलं. हंगेरियन भाषेत ‘पुश्का’ म्हणजे बंदूक, म्हणून पुश्काश म्हणजे बंदूकवाला. पुढे त्याच्या डाव्या पायातून निघालेले फटके पाहिले की वाटतं, वडिलांनी नाव विचार करूनच घेतलं असावं! शहराबाहेरच्या किश्पेश्त नावाच्या कामगारवस्तीत तो वाढला. वडील तिथल्याच क्लबचे खेळाडू, नंतर प्रशिक्षक. घरात पैसा नव्हता. चिंध्या बांधून केलेल्या चेंडूवर गल्लीतली पोरं खेळायची. शेजारच्या घरात योझेफ बोझिक नावाचा मुलगा राहायचा. हे दोघे सोबत वाढले, सोबत क्लबात गेले आणि सोबतच देशाच्या संघात आले. या मैत्रीचं पुढे काय झालं ते ओघात येईलच.

क्लबात नोंदणीसाठी बारा वर्षांची अट होती. पुश्काशला तेवढा धीर कुठला! मिक्लोश कोवाच या खोट्या नावाने तो मुलांच्या संघात खेळू लागला. घरचे आणि दोस्त त्याला ‘ओचि’ म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ, आपल्याकडं ‘छोटू’ म्हणतात तसं. हे नाव त्याला म्हातारपणापर्यंत चिकटलं. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सोळाव्या वर्षी तो किश्पेश्तच्या मोठ्या संघात आला. युद्ध संपलं आणि २० ऑगस्ट १९४५ रोजी ऑस्ट्रियाविरुद्ध देशासाठी पहिला सामना खेळला. हंगेरी ५-२ ने जिंकली, त्यात एक गोल या अठरा वर्षांच्या पोराचा होता. बुडापेस्ट तेव्हा ढिगाऱ्यात होतं. डॅन्यूब नदीवरचे पूल जर्मन फौजेने जाता जाता उडवून दिले होते. अशा शहरात लोक स्टेडियम भरून टाकत होते, त्यावरून या खेळाचं तिथं काय स्थान होतं ते कळतं.

दिसायला तो खेळाडू वाटतच नसे. बुटका, छातीने भरलेला, पोट थोडं पुढे. डोक्याने चेंडू मारण्याची आवड नाही, उजव्या पायाचा वापर जवळजवळ नाहीच. पण डावा पाय! १९४७-४८ च्या हंगामात एकट्याने लीगमध्ये ५० गोल केले.

याच काळात हंगेरीत कम्युनिस्ट राजवट पक्की झाली. १९४९ साली किश्पेश्तचा हा वस्तीतला क्लब संरक्षण खात्याने ताब्यात घेतला आणि त्याचं नाव होनवेद ठेवलं. होनवेद म्हणजे देशाचा रक्षक. सैन्याचा क्लब असल्यामुळे देशातले चांगले खेळाडू भरतीच्या नावाखाली तिथं आणता येत होते. प्रत्येकाला लष्करी हुद्दा मिळाला. पुश्काश मेजर झाला, म्हणून परदेशी पत्रकार त्याला ‘दौडता मेजर’ म्हणू लागले. त्याने बंदूक किती वेळा हातात धरली असेल देव जाणे, पण कागदावर तो सैन्याचा अधिकारी होता. हा कागद पुढे महागात पडला.

राष्ट्रीय संघाची सूत्रं गुस्ताव शेबेश यांच्या हातात होती. हा माणूस तरुणपणी पॅरिसमध्ये रेनॉ मोटार कारखान्यात कामगार संघटनेचं काम केलेला, पक्का कम्युनिस्ट, आणि सरकारात उपक्रीडामंत्री. पण फुटबॉलचं डोकं अव्वल. संघाचा कणा होनवेद क्लबातलाच असल्यामुळे खेळाडू वर्षभर एकत्र खेळत, एकमेकांच्या सवयी त्यांना पाठ होत्या. गोलमध्ये ग्रोशिच, मध्ये बोझिक, पुढे कोचिश, त्सिबोर आणि कप्तान पुश्काश. हिदेगकुटी मात्र दुसऱ्या क्लबचा होता.

या हिदेगकुटीची गंमत थोडी समजून घ्यायला हवी. त्या काळी नऊ नंबरचा शर्ट म्हणजे सर्वात पुढचा खेळाडू, आणि समोरच्या संघातला मधला बचावपटू सावलीसारखा त्याच्या मागे. हंगेरीचा नऊ नंबरवाला मात्र मागे सरकून मैदानाच्या मध्यावर यायचा. आता बचावपटूने काय करायचं? त्याच्या मागे गेला तर आपल्या गोलसमोर मोठं भगदाड, आणि त्यातून पुश्काश-कोचिश घुसलेच. जागेवर थांबला तर हिदेगकुटी मोकळा, वाटेल तिथं पास देणार. दोन्हीकडून मरण.

१४ मे १९५० रोजी ऑस्ट्रियाने हंगेरीला ५-३ ने हरवलं. त्यानंतर हा संघ चार वर्षांहून जास्त काळ एकही सामना हरला नाही.

याच काळात आपला देशही त्यांच्या आसपास होता, हे आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशी पडला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते, थंडी कडक होती, आणि आपण १०-१ ने हरलो. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात हंगेरीने २-० ने हरवून सुवर्णपदक घेतलं. पुश्काशने त्या सामन्यात एक पेनल्टी घालवली, पण नंतर पहिला गोलही त्यानेच केला. भारताचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते. पेशाने शाळामास्तर, हे लिहिताना आमच्यासारख्यांची मान जरा ताठ होते! रहीमसाहेबांनी हंगेरीच्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला आणि पुढच्या चार वर्षांत भारतीय फुटबॉलचा चेहरा बदलला.

आता वेम्बलीकडे येऊ. २५ नोव्हेंबर १९५३. इंग्लंड म्हणजे या खेळाची जन्मभूमी, आणि ब्रिटिश बेटांबाहेरच्या कुठल्याही संघाने त्यांना त्यांच्या घरात तोवर हरवलेलं नव्हतं. शेबेश यांनी तयारीत काही बाकी ठेवलं नव्हतं. इंग्लंडमध्ये वापरले जाणारे जड चेंडू मागवून त्यांवर सराव घेतला होता. स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक. सामन्याआधी मैदानाच्या मधोमध पुश्काश पायावर चेंडू खेळवत उभा होता. त्याचं पोट बघून इंग्लंडच्या काही खेळाडूंना हसू आलं, असं नंतर त्यांनीच कबूल केलं आहे.

पहिल्याच मिनिटात हिदेगकुटीने गोल केला. इंग्लंडने बरोबरी केली, पण विसाव्या मिनिटाला हिदेगकुटीने पुन्हा आघाडी मिळवून दिली. आणि चोविसाव्या मिनिटाला तो गोल झाला, ज्याची चर्चा आजही संपलेली नाही. उजवीकडून त्सिबोरचा पास आला. गोलजवळ पुश्काशने चेंडू घेतला. इंग्लंडचा कप्तान बिली राइट, जगातल्या नामांकित बचावपटूंपैकी एक, घसरत चेंडूवर झेपावला. पुश्काशने डाव्या पायाच्या तळव्याने चेंडू अलगद मागे ओढला. राइट घसरत पुढे निघून गेला, जिथं काहीच नव्हतं. पुढच्या क्षणाला चेंडू जाळ्यात! आज कुठल्याही गल्लीत पोरं पायाखाली चेंडू मागे ओढतात, त्यांना तो साधा डाव वाटतो. १९५३ साली इंग्लंडने असं काही पाहिलं नव्हतं. तीन मिनिटांनी बोझिकची फ्री किक पुश्काशला लागून आत गेली. मध्यंतराला ४-२, शेवटी ६-३. हिदेगकुटीचे तीन, पुश्काशचे दोन, बोझिकचा एक. किश्पेश्तच्या दोन शेजाऱ्यांनी वेम्बलीच्या फलकावर आपापली नावं लावली.

सहा महिन्यांनी इंग्लंडचा संघ हिशेब चुकता करायला बुडापेस्टला आला आणि ७-१ ने हरला. इंग्लंडचा त्याहून मोठा पराभव आजपर्यंत झालेला नाही.

१९५४ चा विश्वचषक स्वित्झर्लंडमध्ये होता. हंगेरीने दक्षिण कोरियाला ९-० आणि पश्चिम जर्मनीला ८-३ असं चिरडलं. पण या दुसऱ्या सामन्यात जर्मनीच्या लीब्रिशने मागून मारलेल्या लाथेने पुश्काशचा घोटा दुखावला. ती लाथ मुद्दाम होती की नाही यावर लोक आजही भांडतात. निकाल मात्र एकच, की पुढचे दोन सामने कप्तान बाहेर. ब्राझीलशी तर अक्षरशः मारामारी झाली. दोन्ही सामने हंगेरीने ४-२ ने जिंकले, दुसरा तर आधीच्या जगज्जेत्या उरुग्वेविरुद्ध जादा वेळेत.

४ जुलै १९५४, बर्न शहर, मुसळधार पाऊस. समोर पुन्हा पश्चिम जर्मनी. पुश्काशचा पाय पूर्ण बरा नव्हता, तरी तो उतरला. माझ्या मते कप्तानाला बाहेर बसवण्याची हिंमत त्या दिवशी जगातल्या कुठल्याच प्रशिक्षकाला झाली नसती. सहाव्या मिनिटाला त्यानेच गोल केला, आठव्या मिनिटाला त्सिबोरने दुसरा. सगळ्यांना वाटलं, संपला खेळ. पण अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनीने २-२ केलं. जर्मनांच्या बुटांना चिखलासाठी बदलता येणारे लांब खिळे होते, त्यांचे पाय जमत होते. हंगेरीचे फटके कधी खांबाला, कधी गोलकीपरच्या हाताला लागत होते. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला राहनने जर्मनीचा तिसरा गोल केला. लगेच पुश्काशने चेंडू जाळ्यात घातला, पण वेल्सच्या लाइनमनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. ३-२. चार वर्षांतला पहिला पराभव, आणि तोही नेमका त्या दिवशी. त्या स्पर्धेत हंगेरीने २७ गोल केले होते.

देशात हे पचलं नाही. बुडापेस्टच्या रस्त्यांवर लोकांनी राग काढला. बाकी कशावर बोलायची सोय नव्हती, फुटबॉलवर होती, म्हणून सगळा कोंडलेला राग फुटबॉलच्या नावाने बाहेर आला असं मला वाटतं. त्याच वर्षाअखेर गोलकीपर ग्रोशिचला हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली, पुढे बराच काळ नजरकैदेत काढावा लागला. पुश्काश वाचला, कारण तो पुश्काश होता. तसेही परदेश दौऱ्यावरून येताना खेळाडू घड्याळं, नायलॉनचे मोजे असलं सामान बॅगांत भरून आणत आणि अधिकारी डोळेझाक करत. संघ जिंकत होता तोवर सगळं माफ होतं. बर्ननंतरही हंगेरी बराच काळ हरली नाही. ती मालिका फेब्रुवारी १९५६ मध्ये इस्तंबूलला तुटली. तुर्कस्तानने ३-१ ने हरवलं. त्याच वर्षी शेबेश यांना काढलं गेलं.

आणि मग ऑक्टोबर १९५६. २३ तारखेला बुडापेस्टमध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले, राजवटीविरुद्ध उठाव झाला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले आणि हजारोंचे जीव गेले. पुश्काश मारला गेल्याची बातमीही युरोपच्या वर्तमानपत्रांत छापून आली. तो जिवंत होता. होनवेदचा युरोपियन चषकाचा सामना स्पेनच्या अॅथलेटिक बिल्बाओशी ठरलेला होता, त्यासाठी संघ देशाबाहेर पडला. परतीचा सामना बुडापेस्टमध्ये शक्यच नव्हता, तो ब्रसेल्सला खेळवला गेला आणि तिथं ३-३ बरोबरी होऊन होनवेद स्पर्धेबाहेर गेली. आता परतायचं की नाही? अधिकाऱ्यांचे हुकूम येत होते, ताबडतोब या. संघ मात्र इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि पुढे ब्राझीलपर्यंत सामने खेळत फिरत राहिला. पुश्काशची बायको एर्झेबेट लहानग्या आनिकोला घेऊन चोरवाटेने सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात पोहोचली. त्या हिवाळ्यात सुमारे दोन लाख हंगेरियन लोक असे पायी, रात्रीचे, देश सोडून गेले.

शेवटी संघ फुटला. बोझिक परत गेला. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर गेले नाहीत. एकाच भिंतीला लागून वाढलेल्या दोन मित्रांनी दोन वेगळे रस्ते धरले. यात कोण बरोबर आणि कोण चूक हे दुसऱ्या देशात बसून ठरवायला आपण कोण! सरकारने मात्र ठरवून टाकलं. मेजर पुश्काश सैन्यातून पळालेला अधिकारी, देशाचा गद्दार. ऑक्टोबर १९५६ मध्ये व्हिएन्नाला ऑस्ट्रियाविरुद्ध खेळलेला सामना त्याचा हंगेरीसाठी शेवटचा ठरला. हंगेरियन संघटनेच्या तक्रारीवरून फिफाने त्याच्यावर बंदी घातली.

मेलबर्नचं ऑलिंपिकही त्याच नोव्हेंबरात सुरू झालं. हंगेरीने फुटबॉल संघ मागे घेतला. पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर कोण होतं? भारत! आपल्याला न खेळता पुढची चाल मिळाली. मग ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ ने हरवलं, त्यात मुंबईचा, मूळ गोव्याचा नेव्हिल डिसोझा याने तीन गोल केले. रहीमसाहेबांचा तो संघ चौथा आला. त्या कामगिरीचं श्रेय पूर्णपणे आपल्या पोरांचं आहे, पण ती पहिली फेरी कशी सुटली हेही माहीत असावं.

पुश्काशचं पुढचं दीड वर्ष वाईट गेलं. ऑस्ट्रियात आणि मग इटलीतल्या बोर्दिगेरा या समुद्रकाठच्या गावात तो राहिला. सामने नाहीत, सराव नाही, खाणं मात्र चालू. वजन पंधरा किलोंहून जास्त वाढलं. इटलीच्या मोठ्या क्लबांनी वय आणि पोट बघून नको म्हटलं. तिशी ओलांडलेला, बंदी असलेला, जाड झालेला निर्वासित. अशा माणसाला कोण घेणार?

होनवेदचे जुने व्यवस्थापक एमिल ओस्टराइशर तेव्हा रेयाल माद्रिदमध्ये कामाला होते. त्यांनी क्लबचे अध्यक्ष सँटियागो बेर्नाबेऊ यांना गळ घातली. असं सांगतात की पुश्काशने स्वतःच आपल्या पोटाकडे बोट दाखवून अध्यक्षांना विचारलं होतं, की मला नीट पाहिलंय ना. १९५८ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्याने करार केला. प्लास्टिकचे कपडे घालून घाम काढत वजन उतरवलं.

तिथं अर्जेंटिनाचा दि स्तेफानो राज्य करत होता. मैदानावर त्याचा शब्द शेवटचा, आणि त्याला दुसरा राजा चालत नसे. पुश्काश हे पहिल्या आठवड्यातच ओळखून गेला. सांगतात की पहिल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात दोघांचे लीगमधले गोल सारखे होते. समोर गोल रिकामा असताना पुश्काशने चेंडू दि स्तेफानोला दिला, सर्वाधिक गोलांचा मान त्याला मिळू दिला. मग दोघांची अशी जोडी जमली की तशी क्वचितच पाहायला मिळते. पुढे पुश्काशने स्वतः १९६०, १९६१, १९६३ आणि १९६४ असा चार वेळा तो मान मिळवला. शेवटच्या वेळी तो सदतीस वर्षांचा होता!

१८ मे १९६० चा ग्लासगोचा युरोपियन चषक अंतिम सामना हा या दुसऱ्या आयुष्याचा कळस. समोर जर्मनीचा आइनट्राख्ट फ्रँकफर्ट. इथंही बर्न आडवं आलंच. १९५४ च्या जर्मन संघाने उत्तेजक घेतलं होतं असा आरोप पुश्काशने पूर्वी केला होता, त्यामुळे जर्मन संघटनेने आपल्या क्लबांना त्याच्याविरुद्ध खेळायला मनाई केली होती. त्याने लेखी माफी मागितल्यावरच सामना झाला. माफी मागून मैदानात उतरला आणि चार गोल केले. तीन दि स्तेफानोने. ७-३. सव्वा लाखाहून अधिक लोकांनी तो सामना स्टेडियममध्ये बसून पाहिला. युरोपियन चषकाच्या एका अंतिम सामन्यात चार गोल आजवर दुसऱ्या कोणीही केलेले नाहीत. १९६२ च्या अंतिम सामन्यात बेनफिकाविरुद्ध त्याने तीन गोल केले, पण संघ ५-३ ने हरला. सामना संपल्यावर त्याने आपला शर्ट समोरच्या संघातल्या वीस वर्षांच्या, मोझांबिकहून आलेल्या युसेबियोला दिला. रेयालसाठी एकूण २६२ सामन्यांत २४२ गोल, पाच लीग विजेतेपदं. त्याच वर्षी स्पेनच्या वतीनेही तो विश्वचषक खेळला. स्पेनसाठी चार सामने झाले, गोल एकही नाही. ३९ व्या वर्षी, १९६६ मध्ये, त्याने बूट काढले.

प्रशिक्षक म्हणून त्याने जग पालथं घातलं. ग्रीसच्या पॅनाथिनायकोसला १९७१ मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तो सामनाही वेम्बलीतच झाला. तिथं आयाक्सने २-० ने हरवलं. त्याआधी आणि त्यानंतर अमेरिका, कॅनडा, चिली, सौदी अरेबिया, पॅराग्वे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ग्रीक लोकांच्या क्लबला १९९१ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. त्या संघाचा कप्तान आंगे पोस्तेकोग्लू आज स्वतः मोठा प्रशिक्षक म्हणून ओळखला जातो.

या सगळ्यांत मला इजिप्तची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. १९७९ पासून काही वर्षं पुश्काश पोर्ट सईदच्या अल-मसरी क्लबचा प्रशिक्षक होता. कैरोच्या अहली आणि झमालेकपुढे हा सुएझ कालव्याच्या तोंडावरच्या बंदर-शहराचा क्लब. आता तारखा जुळवून बघा. ४ नोव्हेंबर १९५६ ला रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. ५ नोव्हेंबरला ब्रिटिश आणि फ्रेंच छत्रीधारी सैनिक पोर्ट सईदवर उतरले, कारण नासिरने कालवा देशाच्या मालकीचा केला होता. एकाच आठवड्यात दोन शहरं बाहेरच्या फौजांनी उद्ध्वस्त केली. मॉस्को सुएझकडे बोट दाखवत होता, लंडन-पॅरिस बुडापेस्टकडे. एका शहराने देशोधडीला लावलेला कप्तान तेवीस वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या पोरांना फुटबॉल शिकवायला आला. आपण शाळेत ही दोन प्रकरणं दोन वेगळ्या धड्यांत शिकवतो.

हंगेरीत पहिल्यांदा पाऊल ठेवायला त्याला १९८१ साल उजाडलं. जुन्या खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याला बोलावलं होतं. पंचवीस वर्षांनी आलेला हा जाडजूड म्हातारा पुन्हा मैदानात उतरला तेव्हा लोकांनी स्टेडियम भरून टाकलं. स्वागताला बोझिक नव्हता. तो १९७८ मध्येच वारला होता, आणि मित्राच्या मय्यतीला येण्याची वाट पुश्काशसाठी तेव्हा बंद होती. होनवेदच्या मैदानाला आज बोझिकचं नाव आहे.

राजवट बदलल्यावर तो कायमचा बुडापेस्टला परतला. १९९३ मध्ये थोडे दिवस राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्याने घेतली. ज्या देशाने गद्दार म्हटलं त्याच देशाने राष्ट्रीय स्टेडियमला त्याचं नाव दिलं. २००३ मध्ये इराणचा कप्तान अली दाई याने ८४ चा आकडा मागे टाकला. जवळजवळ अर्धं शतक पुस्तकांत तो विक्रम पुश्काशच्या नावावर होता. तोवर त्याला अल्झायमरने गाठलं होतं, आठवणी एकेक करून जात होत्या. उपचाराचा खर्च पेलेना, जुनी पदकं आणि वस्तू लिलावात काढायची वेळ आली. ऑगस्ट २००५ मध्ये रेयाल माद्रिदने बुडापेस्टला येऊन त्याच्या मदतीसाठी सामना खेळला. तो स्वतः रुग्णालयात होता.

१७ नोव्हेंबर २००६ रोजी न्यूमोनियाने त्याचं निधन झालं. ९ डिसेंबरला सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. त्याच्याच नावाच्या स्टेडियममधून शवपेटी निघाली, हीरोज चौकात सैन्याने मानवंदना दिली, आणि बुडापेस्टच्या सेंट स्टीफन बॅसिलिकात, जिथं हंगेरीच्या पहिल्या राजाचा उजवा हात जपून ठेवला आहे, तिथं खाली तळघरात डाव्या पायाच्या या कप्तानाला दफन केलं गेलं.